बारावा पदार्थ

अकरा पदार्थ झाले होते, बारावा काही केल्या होत नव्हता.

एल्वीरा टेबलाशी उभी राहून पुन्हा पुन्हा मोजत होती, जणू मोजता मोजता त्यात एखादा वाढणार होता. बिटाचं सार. गाजर घातलेला हेरिंग मासा. कांदा घातलेला हेरिंग मासा. मासा एकच असला तरी हे दोन पदार्थ धरायचे, असं तिनं सकाळीच ठरवून टाकलं होतं. आंबवलेला कोबी, वाटाणे, बटाटे, घेवडा, उकडलेले गहू, बोरांचं सरबत, खसखशीचं दूध आणि त्यात बुडवायचे बोराएवढे कडक पाव. नाताळच्या आदल्या संध्याकाळचं हे जेवण, कुचोसचं. मांस नाही, अंडं नाही, दूध नाही, दारू नाही. देवानं गरिबाकडे बघूनच हा नेम घातला असावा. फक्त बाराचा आकडा घालताना त्याचं लक्ष श्रीमंताकडे गेलं, एवढीच काय ती चूक झाली.

मधली मोठी थाळी रिकामी होती. तिथे मासा यायचा होता. झेनोनास तीन दिवस तळ्यावर हेलपाटे घालत होता, पण यंदा बर्फ इतका पातळ की त्यावर कुत्रंसुद्धा जाईना. वारेनाच्या बाजारात कार्प मासे होते. बघायला पैसे पडत नाहीत म्हणून तो दोनदा बघून आला होता.

"पाव धर की," झेनोनास चुलीत लाकूड सारत म्हणाला. "पाव धरला की झाले बारा."

"तुमच्या आईच्या घरात पाव कधी धरलाय?"

"मग पाणी धर."

"हो, आणि तुमच्या बहिणीच्या पुढ्यात तांब्या ठेवून सांगते, वन्सं, हा बघा बारावा. त्या काय हसतील की रडतील?"

झेनोनासनं आणखी एक लाकूड सारलं. बहिणीचं नाव निघालं की तो हल्ली विषय तिथंच सोडायचा. लाकडाची गिरणी ऑक्टोबरात बंद पडली, तेव्हापासून तो घरी होता आणि हे दांगुओलेला सांगायचं नाही असं नवरा-बायकोत ठरलं होतं. कारण घर आईच्या नावावर होतं. घरामागची पाइनच्या जंगलाची पट्टीही आईच्याच नावावर. दांगुओले दोन वर्षं एकच पालुपद लावून होती: आईला विल्नियसला नेते, घर-जंगल विकून टाकू, वाटण्या करू. आतापर्यंत तिला एकच उत्तर पुरत आलं होतं. आई ठणठणीत आहे आणि आम्ही तिला बघतोय.

यातलं पहिलं अर्धं खरं नव्हतं, आणि हे घरात फक्त एल्वीराला ठाऊक होतं.

गिरणी बंद पडली त्याच आठवड्यातली गोष्ट. सासूबाई, मार्त्सेले, एका सकाळी रानातून टोपलीभर हिरवी अळंबी घेऊन आल्या. पाइनच्या झाडाखाली वाळूत येते ती, इथल्या माणसांच्या जिवाभावाची. अळंबी आणि बोरं नसती तर आमच्या पोरी उघड्या फिरल्या असत्या, असं या भागात म्हणतातच. एल्वीरा ती निवडायला बसली आणि तिचा हात थांबला. हिरव्या अळंबीच्या छत्रीखालची झालर पिवळी असते. टोपलीतल्या दोन अळंब्यांची झालर पांढरीशुभ्र होती. वरून रंग तसाच हिरवट, देठ मात्र वरच्यावर कापलेला; मुळाशी असते ती पिशवी जमिनीतच राहिलेली. त्यातली एक अळंबी पातेल्यात पडली तर घरातलं एकही माणूस उठत नाही. सत्तर वर्षं रानात काढलेल्या बाईनं ती उचलली होती, कारण तिला पांढरं आणि पिवळं वेगळं दिसेनासं झालं होतं.

एल्वीरानं सगळी अळंबी खड्ड्यात पुरली, टोपली उकळत्या पाण्यानं धुऊन खुंटीला अडकवली आणि सासूबाईंना सांगितलं, सगळ्या किडक्या निघाल्या हो आई. मार्त्सेले "बरं" म्हणाल्या. बस, एवढंच. तेव्हापासून एल्वीरानं त्यांना काही ना काही निमित्तानं रानापासून लांब ठेवलं होतं.

"तळघरात तुझ्या हिरव्या अळंबीची बरणी नाहीये का?" झेनोनासला अचानक आठवलं. "मिठातली? कांदा, तेल घालून दिली की झालं. ताई तर त्यावर जीव टाकते."

एल्वीराचा जीव खरंच भांड्यात पडला. आपल्या डोक्यात हे कसं आलं नाही? "डाव्या फळीवर आहे. आणा लवकर. चार पाण्यांनी धुवा, नाहीतर मिठाचा खडा खाल्ल्यासारखं लागेल."

तेवढ्यात कुंपणाशी गाडीचे दिवे फिरले. एल्वीरानं कमरेचं फडकं सोडलं आणि साडेपाचच्या अंधारात ती ब्लाउज बदलायला धावली. बरणी उघडली ती झेनोनासनं. धुतली त्यानं, चिरली त्यानं, कांदा घातला त्यानंच. त्याला लाकूड कळतं. अळंबीतलं त्याला खाण्यापलीकडे काही कळत नाही.

*

दांगुओले आत आली ती गालाला गाल लावता लावता सगळं घर बघून झालेली. नवरा आर्वीदास मागून पिशव्या घेऊन. तो विमा कंपनीत होता आणि प्रत्येक गोष्टीत काय काय होऊ शकतं हे त्याला माहीत असायचं.

"किती गार आहे इथे," दांगुओले म्हणाली. "लाकूड वाचवताय की काय? लाकडाच्या गिरणीत काम करणाऱ्याच्या घरात?"

"माणसं आली की गरम होतं वन्सं," एल्वीरा म्हणाली. "बसा तर खरं."

युर्गा सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. एल्वीराची एकुलती एक लेक, सातवा महिना. नवरा लिनास आयर्लंडमध्ये कोंबड्यांच्या कारखान्यात, सुट्टी मिळाली नाही म्हणून तिकडेच. त्याच्या जागी टेबलावर रिकामी बशी, चमचा आणि पाइनची डहाळी ठेवली होती. आत्यानं युर्गाच्या पोटावर हात ठेवला आणि डोळे पुसले. दांगुओले वाईट नव्हती. वाईट असती तर एल्वीराला इतकी भीती वाटली नसती. ती चांगल्या मनानं घर विकून टाकणारी बाई होती.

"फोन बाहेर," मार्त्सेले आतल्या खोलीतून येता येता म्हणाल्या. एक हात भिंतीला. एल्वीरानं चटकन पुढे होऊन त्यांचा दुसरा हात धरला, सहज धरल्यासारखा. "कोटात ठेवा ते फोन. या टेबलावर आज जे येणार आहेत त्यांना फोन लागत नाही."

"आई, तुझी तब्येत कशी?" दांगुओलेनं विचारलं.

"तू आलीस आता चांगली."

पहिली चांदणी युर्गानं खिडकीतून बघितली. मग सगळे बसले. टेबलक्लॉथखाली वाळलेलं गवत, वर मेणबत्ती. मार्त्सेलेंनी प्रार्थना म्हटली आणि चर्चमधून आणलेली पापडासारखी पातळ रोटी हातात घेतली. प्रत्येकानं दुसऱ्याच्या रोटीचा तुकडा मोडून खायचा. दांगुओलेनं एल्वीराच्या रोटीचा तुकडा मोडला तो अगदी एवढासा, जणू त्यातही काटकसर करून दाखवत होती.

"सगळे एकत्र बसलोय, सगळे एकत्रच उठायचं," मार्त्सेले म्हणाल्या. दरवर्षी म्हणायच्या. पण तीन वर्षांपासून त्या वाक्याला धार आली होती. त्या वर्षी सासरे, युओझापास, जेवण अर्धवट टाकून उठले होते, गोठ्यात गाय हंबरली म्हणून. बसा हो, मार्त्सेले म्हणाल्या होत्या. आलोच, म्हणाले. ईस्टरच्या आत गेले. कुचोसच्या टेबलावरून जो आधी उठतो तो पुढच्या कुचोसला नसतो, हे लहानपणापासून सगळ्यांनी ऐकलेलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि घरातून तिरडी निघणं वेगळं. गाय मागाहून विकली. खुर्ची मात्र तीच होती, आणि तिच्यावर आता आर्वीदास बसला होता.

जेवण सुरू झालं. एल्वीरा कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हती, दांगुओलेच्या बोटांकडे बघत होती. टेबलाच्या कडेवर बोटं एकेक करून टेकत होती. सार, एक. वाटाणे, दोन. हेरिंगपाशी बोट जरा थबकलं, दुसऱ्या हेरिंगपाशी भुवई वर गेली. गेल्या वर्षी दांगुओलेकडे विल्नियसला कुचोस झालं, तेव्हा तीन जातीचे मासे होते आणि एक तर तोंडात लिंबू धरून बसला होता.

"बारा," शेवटी दांगुओले म्हणाली. जरा हिरमुसल्यासारखी.

"बाराच असतात," झेनोनास म्हणाला.

"मासा नाही मिळाला वाटतं यंदा?"

"बर्फ धरला नाही ताई."

"बाजारात बर्फ लागत नाही रे."

मग आर्वीदासनं मधल्या थाळीतली अळंबी घेतली, चाखली आणि अजून घेतली. "हे मात्र मान्य करायला पाहिजे," तो म्हणाला. "असलं विल्नियसला पैसे टाकून मिळत नाही."

"खरंय," दांगुओलेनंही दोनदा घेतली. "एल्वीरा, तुझ्या हाताला चव आहे, नाही म्हणणार नाही मी."

एल्वीराला इतकं बरं वाटलं की तिनं स्वतःच्या बशीत वाढून घेतलेल्या अळंबीचा घास तसाच काट्यावर राहू दिला. ऐकावं म्हणून.

"तिच्या नाहीत त्या," मार्त्सेले म्हणाल्या.

त्या सावकाश चावत होत्या, मान जरा वाकडी करून. सुरकुतलेल्या चेहऱ्यावर अभिमान उतू चालला होता.

"एल्वीरा शेपू घालते. यात मुळ्याचं तिखट पान आहे. माझी बरणी आहे ती. मी घातलेली."

*

एल्वीराच्या हातातला काटा बशीला लागून वाजला.

"कधी घातलीत आई?" तिनं विचारलं.

"झाले की दिवस. नोव्हेंबरात, संतांच्या सणानंतर. तू वारेनाला गेली होतीस तेव्हा."

"रानात कोणाबरोबर गेला होतात?"

"रानात जायला सोबत कशाला लागते?"

एकट्या गेल्या होत्या. एल्वीरानं स्वतःच्या काट्यावरचा तुकडा हळूच उलटा केला. चिरलेला, तेलात माखलेला, मेणबत्तीच्या उजेडात. पिवळा म्हटलं तर पिवळा, पांढरा म्हटलं तर पांढरा. या उजेडात काही म्हणजे काही कळत नव्हतं.

तिनं वर बघितलं. झेनोनास खात होता. आर्वीदासनं तिसऱ्यांदा वाढून घेतलं होतं. आणि युर्गा, जिला महिनाभर कशाची वासना होत नव्हती, ती पावाचा तुकडा घेऊन बशीतलं तेल पुसून घेत होती. मग तिनं हात लांब करून थाळी पुढे ओढली.

एल्वीरानं थाळी धरली. युर्गानं ओढली, तिनं सोडली नाही.

"आई, काय करतेस?"

"पुरे आता."

"दोन घास तर घेतेय."

"पुरे म्हटलं ना. खारट असतं. तुला बरं नाही ते."

"अगं, दोन जिवांची आहे ती," दांगुओले म्हणाली. "अळंबीवरूनसुद्धा हात आखडायला लागलीस? फुकट तर येते रानातून."

एल्वीरा थाळी मांडीवर घेऊन बसली. सगळे तिच्याकडे बघत होते. बोलावं, तर सासूबाईंचे डोळे गेल्याचं सगळ्यांसमोर सांगावं लागणार होतं. मग दांगुओले आजच्या आज त्यांचं सामान बांधणार, आणि त्यात तिची काय चूक? न बोलावं, तर ते पोटात पडलेलंच आहे. ते विष लगेच दिसत नाही. माणूस झोपतो, सकाळी उठतो, नाताळाची घंटा ऐकतो आणि मग सुरू होतं. कदाचित एकही पांढरी नसेल. कदाचित एकच असेल, आणि ती युर्गाच्या बशीत गेली असेल. देवा, घर घे, रान घे, काय घ्यायचं ते घे.

"वन्सं," ती म्हणाली, "आईंना दिसत नाही."

कोणाला काही कळलं नाही.

"ऑक्टोबरात आईंनी आणलेल्या टोपलीत मला दोन विषारी सापडल्या. पांढऱ्या झालरीच्या. मी त्या पुरून टाकल्या आणि कोणालाच सांगितलं नाही. त्यानंतर या परत एकट्या गेल्या. ही बरणी त्या वेळची आहे. मी ती निवडलेली नाही. डाव्या फळीवरची माझी बरणी वेगळी, ह्यांनी दुसरीच उचलली. ही आहे हेच मला माहीत नव्हतं."

झेनोनासचा चेहरा राखेसारखा झाला. "पण मीच चिरली..."

"बघितलीत का चिरताना?"

"काय बघायचं असतं?"

आर्वीदासनं काटा खाली ठेवला. अगदी हळू, जणू काट्यातच विष होतं. "सहा तासांनी लक्षणं दिसतात," तो म्हणाला. "कधी बारा. मग दुसऱ्या दिवशी माणसाला बरं वाटतं. आणि मग यकृत..."

"गप्प बस," दांगुओले म्हणाली. तिनं तोंडावर रुमाल धरला होता. "आई, खरं सांग. तुला दिसतं की नाही? हा माझा हात, किती बोटं?"

मार्त्सेले तिच्याकडे बघतच नव्हत्या. त्या मेणबत्तीकडे तोंड करून बसल्या होत्या, ओठ घट्ट मिटून. "माझी अळंबी चांगली आहे," त्या म्हणाल्या.

"किती बोटं, आई?"

"माझी अळंबी चांगली आहे म्हणून सांगितलं ना."

"फोन करा कोणीतरी," युर्गा म्हणाली. तिचे दोन्ही हात पोटावर होते. "इस्पितळाला फोन करा. बाबा."

फोन बाहेरच्या खोलीत होते, कोटांच्या खिशांत, पाचच्या पाच. झेनोनासनं दाराकडे बघितलं. आर्वीदासनं खुर्ची मागे सारली, अर्धा उठला, आणि दांगुओलेनं त्याचा स्वेटर मुठीत धरून त्याला खाली खेचला.

"काय करतेस?"

"त्या खुर्चीवरून उठू नकोस."

"दांगुओले, आपण एकविसाव्या शतकात राहतो."

"मग जा. ऊठ की." तिनं स्वेटर सोडला नाही. आणि आर्वीदास, विम्याचा माणूस, सगळ्या धोक्यांचे हप्ते ठरवणारा, उठला नाही.

तुम्ही हसाल. पण त्या टेबलाशी बसलेलं कोणीही हसत नव्हतं. पोटात मरण असेल-नसेल, दाराच्या वाटेवर मात्र ते नक्की उभं आहे, असं सगळ्यांना वाटत होतं. सगळे मिळून उठू म्हणावं, तर एकाचं तरी बूड आधी सुटणारच. एल्वीरानं झेनोनासकडे बघितलं. त्याचे हात टेबलाची कड धरून बसले होते, आणि तो बापाच्या खुर्चीकडे बघत होता.

"मी जाते," युर्गा म्हणाली आणि टेबलाला हात टेकून उठायला लागली.

"खाली बस," एल्वीरा ओरडली. मांडीवरची थाळी तिनं टेबलावर आदळली. आपण उठायचं, दुसरं काही नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिनं पाय जमिनीला लावले. तेवढ्यात तिच्या खांद्यावर एक हात पडला आणि त्या हातानं तिला खुर्चीत परत दाबून बसवलं. ब्याऐंशी वर्षांच्या बाईच्या हातात इतकं बळ कुठून आलं कोण जाणे.

मार्त्सेले उभ्या होत्या.

"मी उठले," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी बघितलंत ना? सगळ्यांच्या आधी मी उठले. आता जा, कोणाला कुठे जायचं ते."

"आई," झेनोनास म्हणाला.

"मला तीन बोटं दिसली नाहीत आणि दोनही दिसली नाहीत," मार्त्सेले म्हणाल्या. "नुसता धूर दिसतो. दांगुओले, ऐकलंस? हे ऐकायचं होतं ना तुला? आता आर्वीदासला सांग, बार्बोराला फोन लाव. इस्पितळाला मागाहून लाव. आधी बार्बोराला."

*

बार्बोरा दोन घरं पलीकडे राहायची, एकटी, एका मांजराबरोबर. आर्वीदासनं फोन टेबलाच्या मधोमध ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा. बराच वेळ घंटी वाजत राहिली.

"कोण मेलं?" बार्बोराचा आवाज आला.

"अजून कोणी नाही," मार्त्सेले म्हणाल्या. "बार्बोरा, माझी हिरवी अळंबी. सांग यांना."

"कुचोसच्या दिवशी अळंबीसाठी फोन करतेस?"

"सांग म्हटलं ना."

"काय सांगू? सगळी टोपली माझ्या टेबलावर उलटी करून बसली होतीस. एकेक करून मला झालर बघायला लावलीस. पिवळी, म्हटलं की पुढची. पिवळी, की पुढची. दिवस गेला माझा. आणि शपथ घातलीस, सुनेला सांगशील तर तोंड बघणार नाही म्हणून. तशीही तू कुठे बघतेस, म्हटलं मी, तुला दिसतं कुठे."

युर्गा रडायला लागली. दांगुओलेनं तिला जवळ घेतलं.

"एकही पांढरी नव्हती, मावशी?" एल्वीरानं विचारलं.

"असती तर मीच गेले असते. अर्धी मला दिली तिनं. रविवारी खाल्ली. आता जेवू का मी? माझ्या टेबलावरून मला उठवलंत, आणि मांजर बसलेलंच आहे."

आर्वीदासनं तरी इस्पितळाला फोन केला. तो तसाच होता. त्यांनी सांगितलं, शंका असेल तर या, नसेल तर लक्ष ठेवा. एल्वीरा स्वयंपाकघरात धावली. बरणीत मूठभर अळंबी उरली होती, न चिरलेली. ती तिनं मोठ्या दिव्याखाली फळीवर ओतली आणि एकेक उलटी केली. पिवळी. पिवळी. पिवळी. तळाला मुळ्याचं पान होतं. तिनं सगळ्या दोनदा बघितल्या आणि मग भिंतीला टेकून खाली बसली.

दारात दांगुओले आली.

"तीन महिने लपवलंस माझ्यापासून?"

"हो."

"माझी आई आहे ती."

"माहीत आहे वन्सं."

"ती एकटी नव्हती लपवत," मागून मार्त्सेले म्हणाल्या. "टोपली गरम पाण्यानं धुऊन खुंटीला लावली, तेव्हाच मला कळलं काय झालं ते. किडक्या अळंबीची टोपली कोण उकळत्या पाण्यानं धुतं? मी वाट बघत होते, ही बोलेल म्हणून. ही वाट बघत होती, मी बोलेन म्हणून. म्हटलं, चांगली चाललीय, चालू दे."

झेनोनास चुलीपाशी उभा होता. एवढं सगळं उघडं पडलंच आहे तर, अशा थाटात त्यानं मान वर केली. "ताई, गिरणी बंद पडलीय."

"ऑक्टोबरात. माहीत आहे मला," दांगुओले म्हणाली. "लाकडावरून मघाशी उगाच बोलले मी. वाटलं, टोचलं म्हणजे तरी सांगशील." तिनं नाक शिंकरलं. "येताना अख्खा धुरावलेला ईल मासा घेतला होता. आर्वीदास म्हणाला आत नेऊ नकोस, त्यांना अपमान वाटेल. गाडीत पडलाय."

"गाडीत?" एल्वीरा म्हणाली.

"मागच्या बाजूला. कागदात."

एल्वीराला हसू आलं की रडू, तिला सांगता आलं नसतं. ती जमिनीवर बसूनच होती आणि दांगुओले, विल्नियसच्या चांगल्या स्कर्टसकट, तिच्या शेजारी बसली.

"नव्या वर्षात आईला घेऊन जाते," ती हळू आवाजात म्हणाली. "मोतीबिंदू असेल तर काढता येतो. आता तू नाही म्हणू नकोस."

"मी नाही म्हणत नाही."

"डोळ्यांसाठी येईन," मार्त्सेले म्हणाल्या. "डोळे आले की परत."

"बघू," दांगुओले म्हणाली.

तो 'बघू' एल्वीरानं नीट ऐकला. विषाची भीती गेली होती आणि जुनी भीती आपल्या जागेवर परत येऊन बसली होती. शिवाय त्या भीतीला आता सासूबाईंच्या शब्दांची सोबत मिळाली होती. मी उठले, सगळ्यांच्या आधी मी उठले.

*

कुचोसचं टेबल आवरायचं नसतं. घरचे गेलेले लोक येऊन जेवतात, म्हणून सगळं तसंच ठेवायचं, आणि प्रत्येकानं आपला चमचा वाडग्याच्या कडेला टेकवून ठेवायचा. सकाळपर्यंत ज्याचा पालथा पडेल, त्याच्यापुरतं पुढचं कुचोस नाही.

बाकीचे शेजारच्या खोलीत टेबलक्लॉथखालून काढून नेलेल्या गवताच्या काड्या ओढत होते; लांब काडी, लांब आयुष्य. युर्गाची काडी लांब निघाली वाटतं, झेनोनास हसला. कितीतरी दिवसांनी. एल्वीरा मेणबत्तीची काजळी काढायला म्हणून आत आली.

मार्त्सेलेंचा चमचा लाकडी होता, लग्नातला, त्या दुसऱ्यानं जेवत नसत. तो पडला होता. पालथा, टेबलक्लॉथवर.

एल्वीरानं दाराकडे बघितलं. चमचा उचलून कडेला टेकवला. तो घसरला. पुन्हा टेकवला, पुन्हा घसरला. मग तिनं पावाचा एक तुकडा मोडला, बोटांनी दाबून त्याची पाचर केली आणि चमच्याखाली सारली. राहिला.

"कोणाचा पडला?"

मार्त्सेले दारात उभ्या होत्या, चौकट धरून.

"माझा," एल्वीरा म्हणाली.

मार्त्सेले टेबलाच्या कडेकडेनं आल्या, वाडग्यांवरून बोटं फिरवत. झेनोनासचा चमचा, युर्गाचा, मग आपला लाकडी. बोटं त्यावरून खाली उतरली आणि पावाच्या तुकड्यापाशी थांबली. तो तुकडा त्यांनी चाचपला.

"पाव अजून आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मग तुझ्याही चमच्याखाली लाव. सगळ्यांच्याच लाव."

दोघींनी मिळून लावले. झेनोनासच्या, युर्गाच्या, आर्वीदासच्या, लिनासच्या रिकाम्या बशीतल्या चमच्याखालीसुद्धा. एल्वीरा पाव मोडून देत होती आणि मार्त्सेले बोटांनी जागा शोधत होत्या. शेजारच्या खोलीत दांगुओले कोणाला तरी सांगत होती की मासा आत आणा, नाहीतर गोठेल.

शेवटचा एक चमचा राहिला होता.

"हा कोणाचा?" मार्त्सेलेंनी विचारलं.

"वन्संचा."

"त्याला मोठा तुकडा दे. नीट टेकव," मार्त्सेले म्हणाल्या. "मला परत आणून सोडायचंय तिनं."